सावळी बाटली

रविवारी सकाळी साडेदहाला कोळीवाड्याच्या समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाजार उरकून आलेल्या बायकांनी टोपल्या बाहेर भिंतीला लावल्या होत्या आणि आत चटयांवर त्या दाटीवाटीनं बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात एक पांढरी प्लास्टिकची बाटली, बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. ओटीतला नारळ धरावा तशी ती बाटली दोन्ही हातांनी धरलेली.

टेबलामागे आनंदा महाराज उभे होते. भगव्या कफनीवर डॉक्टरांचा पांढरा कोट, गळ्यात रुद्राक्षांची माळ आणि कोटाच्या खिशाला दोन पेनं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हा आनंदा विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत असे. यंत्रं फारशी खपली नाहीत, पण बोलायची सवय अंगात मुरली आणि तिचा उपयोग कुठे करायचा हे त्याला पुढे नीट कळलं.

“माझ्या आयांनो, सायन्स काय म्हणतं?” महाराजांनी एक छापील कागद उंच धरला. “सायन्स म्हणतं, आम्ही आंधळे आहोत. मी नाही म्हणत हां, त्यांच्याच कागदावर छापलंय. दुहेरी अंध! म्हणजे डॉक्टरला दिसत नाही आणि पेशंटलाही दिसत नाही. कुठल्या बाटलीत ताकद आहे, दोघांनाही पत्ता नाही. मग बघणारं कोण उरलं?”

“आय,” पुढच्या रांगेतून दोनचार आवाज आले.

“आई! देवी आई! एकदम करेक्ट. आता सत्तावीस नंबर कोणाचा? या पुढे.”

सत्तावीस नंबर चंद्रभागेचा होता. ती उठली, तेव्हा उजवा पाय तिनं जरा तिरका टेकला. मागे दाराशी हातात फाइल घेऊन उभ्या असलेल्या दक्षतानं ते पाहिलं. चंद्रभागा तिची आई होती.

महाराजांनी बाटलीतली एक कॅप्सूल काढली, चिमटीत धरून फोडली आणि आतली पांढरी पूड पितळी ताटलीत टाकली. मग तांब्याच्या पळीतून तीर्थाचा एक थेंब सोडला. तीर्थ तपकिरी होतं आणि त्याला कापराचा भपकारा येत होता. थेंब पडला तिथे पूड बघता बघता निळी आणि मग काळीभोर झाली.

“सावळी!” महाराज ओरडले. “आईनं स्वतःचा रंग दिला! चंद्राबाई, तुमच्या अंगातला रोग ती ओढून घेतेय. गुडघा कसा आहे?”

“बरा हाय. पयल्यापरीस लय बरा हाय.”

“मग आता बाकीचं विष कशाला? साखरेच्या गोळ्या, प्रेशरच्या गोळ्या, सगळं बंद. आई आत काम करत असताना दुसऱ्याला आत घेऊ नये. तिचा अपमान होतो.”

चंद्रभागेनं ताटलीला हात लावून तो कपाळाला लावला. थोड्या वेळानं एकतीस नंबर आला, तो गोमतीचा होता. गोमती तिच्या शेजारच्या घरातली, चाळीस वर्षं बाजारात तिच्या बाजूला बसलेली. गोमतीच्या पुडीवर थेंब पडला आणि तपकिरीच राहिला. महाराजांनी दुसरी कॅप्सूल फोडली. तीही तशीच.

“बाई, घरात काहीतरी आहे,” महाराज हळू आवाजात म्हणाले, पण माईक चालू होता. “आईपासून काय लपवलंय?”

गोमती बाटली घेऊन मागे वळली. बायकांनी तिला परत बसायला जागा दिली, पण जरा जास्तच दिली.

दक्षताला तिथेच ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडून सांगणार काय? कुठल्या बाटलीत काय आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं हेच तर तिचं काम होतं.

त्याचं असं झालं होतं. दक्षता चोवीस वर्षांची, या कोळीवाड्यातली पहिली एम.एस्सी. ठाण्याला एका विद्यापीठ विभागात नीरजा मॅडम गुडघेदुखीवर संशोधन करत होत्या. सांध्यांच्या एका औषधाचा खरंच उपयोग होतो का, हे त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी स्वतःहून भाग घेणाऱ्या चाळीस बायका हव्या होत्या, आणि माहिती गोळा करायला एक मुलगी. दक्षतानं दोन्हींची सोय केली. जन्मभर पाटावर उकिडवं बसून मासळी कापणाऱ्या बायकांचे गुडघे तिनं लहानपणापासून पाहिले होते. तिला वाटलं, विद्यापीठाला आपल्या बायकांची आठवण झाली, हे काय कमी आहे?

माहितीपत्रक मराठीत होतं, म्हणजे लिपी मराठी होती. “हा अभ्यास यादृच्छिक, दुहेरी-अंध व छद्म-औषध-नियंत्रित स्वरूपाचा असून” अशी त्याची सुरुवात होती. दक्षतानं ते याच समाजमंदिरात वाचून दाखवलं तेव्हा गोमतीनं विचारलं होतं, “अंध? डोले जानार का गो?”

“नाही गं काकी. कोणाला काय दिलंय ते कोणालाच ठाऊक नसतं, एवढंच. मलाही नाही, मॅडमनाही नाही. यादी पाकिटात बंद असते.”

“न ता छद्म काय?”

बाहेर पाण्याचा टँकर आला होता, बायका चुळबुळ करत होत्या, आणि दक्षताला लवकर संपवायचं होतं. ती म्हणाली, “म्हणजे काही बाटल्यांत साधं असतं.”

बायकांनी माना डोलावल्या. साधं म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. हॉटेलात साधा डोसा असतो आणि स्पेशल असतो. साधं औषध म्हणजे जरा हलकं, पण औषधच. चाळीस जणींनी सह्या केल्या, अंगठे दिले. आपल्या दक्षीनं सांगितलंय म्हटल्यावर कागद वाचतंय कोण?

चार महिने सगळं सुरळीत चाललं. दर मंगळवारी दक्षता घरोघर जायची. गुडघा किती दुखतो हे शून्य ते दहामध्ये विचारायची, व्यायाम करून घ्यायची. विद्यापीठानं प्रत्येकीला बाजारात बसायला एक उंच स्टूल दिलं होतं, ते वापरता का हे बघायची. बऱ्याच जणींना बरं वाटायला लागलं. मग कुठूनतरी आनंदा आला. त्यानं एक माहितीपत्रक मिळवलं, “दुहेरी अंध” हे दोन शब्द वाचले, आणि नुसत्या त्या दोन शब्दांवर आपलं दुकान थाटलं.

त्या रविवारी समाजमंदिरातून घरी परतल्यावर चंद्रभागेनं साखरेच्या गोळ्यांची पाकिटं उचलली आणि सरळ खाडीत टाकली. दक्षताला हे सोमवारी कळलं. बुधवारी तिला कळलं की आईच्या उजव्या पावलाला जखम आहे. पंधरा दिवसांपूर्वी टोपलीतल्या शिंगाळा माशाचा काटा लागला होता. आईनं हळद भरून फडकं बांधलं होतं. फडकं सोडलं तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सुजून जांभळं पडलं होतं, आणि वास येत होता.

“आये, हे दुखत नाही तुला?”

“दुकत नाय. आयनं दुखना ओढून घेतला.”

साखरेच्या माणसाला पायाची जखम दुखेनाशी होते तेव्हा ती बरी झालेली नसते, हे दक्षताला पुस्तकातून ठाऊक होतं. तिनं मोजायचं यंत्र आणलं आणि आईचं बोट टोचलं. साखर चारशे बारा होती.

“आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला चल.”

“रविवारी महाराज पाय बघनार हान. मी कंठं जावाची नाय.”

“बाबा, तुम्ही तरी सांगा हिला.”

भिवाजी ओटीवर जाळं शिवत होता. त्यानं मान वर केली नाही. “मी सांगला. तिनं दोन दिस जेवन सोरला. आथा काय उचलून नेव?” तो म्हणाला, आणि जाळ्यातून सुई ओढत राहिला.

गुरुवारी दुपारी चंद्रभागा जेवायला बसली होती. महाराजांनी प्रत्येक सावळ्या बाटलीवालीला तीर्थाची एक छोटी कुपी दिली होती. जेवणाआधी बोट बुडवून कपाळाला लावायचं. चंद्रभागेनं बोट बुडवलं, वर नेलं, आणि एक थेंब तिच्या ताटातल्या तांदळाच्या भाकरीवर पडला.

भाकरीवर काळानिळा डाग उमटला.

चंद्रभागेनं हात जोडले. “बग दक्षे. भाकरीन पन आय आयली.” आणि तिनं ताट बाजूला सारलं, कारण आता ती भाकरी खायची कशी?

दक्षता डागाकडे बघत राहिली. असा डाग तिनं आधी पाहिला होता. शाळेत, सातवीच्या वर्गात, बटाट्याच्या फोडीवर. बाईंनी आयोडीनचा थेंब टाकला होता आणि फळ्यावर लिहिलं होतं, पिष्टमय पदार्थ ओळखण्याची चाचणी. त्याला पाच गुण होते.

ती उठली, कुपी घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावर जे दिसेल त्याच्यावर थेंब टाकत सुटली. बटाटा काळा झाला. शिजलेला भात काळा झाला. कालचा पापड काळा झाला. मीठ तपकिरी राहिलं, साखर तपकिरी राहिली, तळलेल्या बोंबलाच्या आतल्या मांसावरही काही झालं नाही. कापराच्या वासाखालून तिला आता टिंक्चरचा वास स्पष्ट येत होता, लहानपणी गुडघा फुटल्यावर येत असे तोच. महाराजांच्या बोटांवरचे पिवळट डागही तिला आठवले.

“आये, हे आयोडीन आहे. मेडिकलमध्ये मिळतं. पीठ असलं की काळं होतं. बघ, बटाटा बघ.”

चंद्रभागेनं बटाटा बघितला, भात बघितला. “म्हंजे बटाट्यान पन हाय,” ती शांतपणे म्हणाली. “आय सगलीकरं हाय. तुना शिकून यवरा पन समाजला नाय?”

दक्षता ओट्याला टेकून उभी राहिली. आणि तिथे तिच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली. संशोधनाच्या जाडजूड आराखड्यात सदतिसाव्या पानावर एक ओळ होती, ती तिनं नोकरीच्या पहिल्या आठवड्यात वाचली होती. छद्म औषध म्हणून मक्याच्या पिठाचा, म्हणजे स्टार्चचा, वापर केला जाईल. औषधाच्या कॅप्सूलमध्ये पीठ नव्हतं.

म्हणजे जी बाटली काळी पडते तिच्यात पीठ आहे. आनंदा महाराजांना स्वतःला कळत नव्हतं, पण ते दर रविवारी माईकवरून विद्यापीठाची बंद यादी वाचून दाखवत होते. आईनं चार महिने औषधाचा कणही घेतला नव्हता. आणि गोमतीकाकीनं, जिच्याशी आता नळावर कोणी बोलत नव्हतं, तिनं आपली दोषी बाटली खाडीत फेकली होती. तिच्या बाटलीत खरं औषध होतं.

शुक्रवारी सकाळी दक्षता बसनं ठाण्याला गेली. नीरजा मॅडम पन्नाशीच्या, डोंबिवलीत वाढलेल्या, हळू आणि पूर्ण वाक्यांत बोलणाऱ्या. दक्षतानं कुपी टेबलावर ठेवली आणि बोलायला सुरुवात केली, तेव्हा मॅडमनी हात वर केला.

“थांब. कुठल्या बाटलीत काय आहे हे तुला कळलं असेल, तर मला सांगू नकोस. मला कळलं की अभ्यास संपला. दोन वर्षांचं काम आहे, दक्षता.”

“मॅडम, आईची साखर चारशे बारा आहे.”

मॅडमचा हात तसाच हवेत राहिला. मग दक्षतानं सगळं सांगितलं. गोळ्या खाडीत टाकल्याचं, पायाचं, वासाचं, गोमतीकाकीचं. आणखी अकरा जणींनी प्रेशरच्या किंवा साखरेच्या गोळ्या सोडल्या होत्या, त्यांची नावं तिनं एका कागदावर लिहून आणली होती.

मॅडमनी तो कागद वाचून काढला. “आपण कॅप्सूलचा रंग सारखा ठेवला, वजन सारखं ठेवलं. आतल्या पुडीवर कोणी आयोडीन टाकेल हे माझ्या डोक्यात आलं नाही,” त्या म्हणाल्या. “आणि ‘साधं’ म्हणजे त्यांना काय समजलं, हे आपण विचारलं का?”

“मी नाही विचारलं. माझी चूक आहे.”

“पत्रक मी लिहिलं होतं. यादृच्छिक म्हणे. माझ्या आईलासुद्धा हा शब्द कळला नसता.” त्यांनी फोन उचलला आणि अशा अभ्यासांना परवानगी देणाऱ्या नीतिसमितीच्या अध्यक्षांचा नंबर लावला. अर्धा तास त्या बोलत होत्या. शेवटी त्या इतकंच म्हणाल्या, “हो सर, अभ्यास वाया जाईल. बाई गेली तर काय करायचं?”

तिथून त्या थेट कोळीवाड्यात आल्या आणि त्यांनी चंद्रभागेला हात जोडून विनवलं. चंद्रभागेनं त्यांना चहा दिला, खुर्ची दिली, आणि रविवारच्या आधी हलायला साफ नकार दिला. मग त्या बाकीच्या अकरा घरी गेल्या. सहा जणींनी गोळ्या पुन्हा सुरू करायचं कबूल केलं, पाच जणींनी दारच उघडलं नाही. शनिवारी चंद्रभागेला ताप भरला. दक्षता दिवसभर तिच्या उशाशी बसली होती, आणि या सगळ्यात आईला आपणच ओढलं, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

रविवारी समाजमंदिर पुन्हा भरलं. भिवाजीनं चंद्रभागेला धरून आणलं आणि पहिल्या रांगेत टेकवलं. महाराज नुकतं “व्हायब्रेशन” समजावून सांगत होते, तेवढ्यात दक्षता पुढे आली. तिच्या मागे नीरजा मॅडम होत्या, हातात लाखेचं सील असलेलं पाकीट.

“महाराज, तुम्ही सगळ्या बाटल्यांची परीक्षा केली ना?” दक्षतानं विचारलं.

“सगळ्या. चाळीसच्या चाळीस. वीस सावळ्या, वीस कोऱ्या. आपल्याकडे नोंद आहे.” त्यांनी वही दाखवली.

“या पाकिटात विद्यापीठाची यादी आहे. कुठल्या बाटलीत औषध आणि कुठल्या बाटलीत नाही, त्याची. हे अजून कोणी उघडलेलं नाही. सील बघा. आपण ते इथे उघडूया आणि तुमच्या वहीशी ताडून बघूया. चालेल?”

महाराजांचे डोळे चमकले. इतकं आयतं ताट कोणी वाढेल असं त्यांना वाटलं नव्हतं. “चालेल म्हणजे? उघडा की. आज सायन्स स्वतः येऊन आईच्या पाया पडणार. ऐका सगळ्यांनी!”

मॅडमनी भिवाजीला सील फोडायला सांगितलं. यादी काढून त्यांनी ती महाराजांच्याच हातात दिली. “तुम्हीच वाचा. आधी तुमची वही, मग आमची यादी.”

“नंबर एक. माझी वही, सावळी. यादी...” महाराज क्षणभर अडखळले. “यादी, छद्म.”

“छद्म म्हणजे मक्याचं पीठ,” मॅडम म्हणाल्या. “पुढे वाचा.”

“नंबर दोन. कोरी. यादी, औषध.”

“पुढे.”

तिसरा वाचून महाराजांनी कागद खाली ठेवला. तो दक्षतानं उचलला आणि पुढचे सदतीस तिनं वाचले. सावळी, पीठ. कोरी, औषध. सावळी, पीठ. सत्तावीस नंबर वाचताना तिनं आईकडे पाहिलं, पण ती थांबली नाही. चाळिसात एकही नंबर चुकला नाही.

“महाराजांची परीक्षा अगदी अचूक आहे,” मॅडम म्हणाल्या. “जिथे पीठ, तिथे काळं. ते तीर्थ म्हणजे टिंक्चर आयोडीन. तुमच्या घरचा भात, बटाटा, भाकरी, सगळं त्यानं काळं होतं. ज्या बाटलीवर आईचा हात आहे असं हे सांगत होते, तिच्यात औषधच नव्हतं.”

बायका आपापल्या हातातल्या बाटल्यांकडे बघायला लागल्या. आनंदा मात्र इतकी वर्षं स्टेशनाबाहेर उगाच उभा राहिला नव्हता. त्यानं माईक उचलला.

“वा मॅडम. म्हणजे चार महिने तुम्ही माझ्या आयांना पीठ खायला घातलंत. औषध सांगून पीठ! आता सांगा लोकहो, फसवलं कोणी?”

आणि गर्दी फिरली. बायका उठून उभ्या राहिल्या. “खरा काय ह्या, दक्षे?” “पीठ दिलास आमाना?” “सोताच्या आयला पन पीठ?” कोणीतरी बाटली फेकली, ती दक्षताच्या खांद्याला लागून खाली पडली आणि कॅप्सूल लादीवर घरंगळल्या.

दक्षतानं माईक मागितला नाही.

“हो, पीठ दिलं,” ती म्हणाली. “कागदावर लिहिलेलं होतं, पण तुम्हाला समजेल असं नव्हतं लिहिलेलं. आणि मी घाईत ‘साधं’ म्हणाले, पीठ म्हणाले नाही. ती माझी चूक. त्यासाठी मला काय बोलायचं ते बोला. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना पीठ का दिलं? कारण औषध घेतलेल्या बायका पीठ घेतलेल्यांपेक्षा जास्त बऱ्या झाल्या, तरच ते औषध खरं. नाहीतर उद्या कोणीही उठेल आणि कसलीही पूड औषध म्हणून विकेल. पण आम्ही तुमची एकसुद्धा चालू गोळी बंद करायला सांगितली होती का? दर मंगळवारी मी विचारायचे ना, साखरेची घेतलीस का, प्रेशरची घेतलीस का? बंद करायला कोणी सांगितलं?”

चंद्रभागा चटईवरून बघत होती. तापानं तिचे डोळे लाल झाले होते.

“मंग माजा गुरघा?” तिनं विचारलं. “तो कसा बरा झाला? मी खोटा नाय बोलली. मना खरंच बरा वाटला.”

दक्षता तिच्यासमोर खाली बसली. “मला माहीत आहे, आये. तू खोटं नाही बोललीस. तू चार महिने स्टुलावर बसलीस, पाटावर नाही बसलीस. रोज व्यायाम केलास. आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा दर आठवड्याला कोणीतरी येऊन तुला विचारलं, गुडघा कसा आहे. त्यानं बरं वाटतं. पण बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. गुडघ्याला बरं वाटून चाललं. हा पाय बरं वाटून सुधारणार नाही.”

तिनं आईच्या पायावरचं फडकं सोडलं. वास पहिल्या तीन रांगांपर्यंत गेला. बायकांनी पदर नाकाला लावले. महाराज दोन पावलं मागे सरकले, आणि ते मागे सरकणं चंद्रभागेनं पाहिलं.

“महाराज,” ती म्हणाली, “आज पाय बघनार व्हता ना? बगा.”

महाराज म्हणाले की आज योग नाही.

मागच्या भिंतीजवळून गोमती उठली. आठवडाभर तिच्याशी कोणी धड बोललं नव्हतं, चंद्रभागासुद्धा नाही. ती रांगांमधून वाट काढत पुढे आली आणि चंद्रभागेच्या काखेत हात घालून तिनं तिला उभं केलं. “चल चंद्रे. भायेर रिक्षा उबी हाय,” ती म्हणाली. चंद्रभागेनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती निघाली.

कल्याणच्या हॉस्पिटलात चंद्रभागेची दोन बोटं काढावी लागली. आठवडा आधी आणली असती तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. आणखी आठवडा गेला असता तर पाऊल गेलं असतं, कदाचित बाईच गेली असती, असंही म्हणाले. आनंदावर पोलिसांत तक्रार झाली आणि तो जामिनावर सुटला. विद्यापीठाचा अभ्यास बंद पडला. त्या औषधाचा खरंच उपयोग होतो का, हे आजही कोणाला ठाऊक नाही, कारण ते ठरवायचं एकमेव साधन एका पळीभर टिंक्चरनं मोडलं. दक्षताला हे अजून लागतं. कोळीवाड्यातल्या काही बायका तिच्याशी अजून बोलत नाहीत, आणि त्या अगदीच चुकतात असं तिला वाटत नाही.

पावसाळ्यानंतर नीरजा मॅडमनी नव्यानं अभ्यास मांडला. नवं माहितीपत्रक त्यांनी छापण्याआधी चंद्रभागेकडे पाठवलं. दक्षता वाचत होती आणि चंद्रभागा स्टुलावर बसून ऐकत होती.

“‘काही सहभागींना निष्क्रिय पदार्थ दिला जाईल.’”

“पीठ लिव.”

“आये, पीठ असं कसं लिहायचं? विद्यापीठाचा कागद आहे.”

“पीठ दिला ना? मंग पीठ लिव.”

तसंच छापलं गेलं. काही जणींना औषध मिळेल, काही जणींना नुसतं मक्याचं पीठ. कोणाला काय, हे आम्हालाही माहीत नसेल. तुमच्या आधीच्या गोळ्या बंद करू नका. नको वाटलं तर कधीही सोडा, कोणी रागावणार नाही.

त्याच महिन्यात कळलं की मोहने गावात एक महाराज आलेत, लिंबू कापलं की ते रोगाचा रंग दाखवतात. दक्षता जायला निघाली तर चंद्रभागा दारात तयार उभी. उजव्या पायात मोठ्या मापाची चप्पल, बरोबर गोमती, गोमतीच्या पिशवीत वाटीभर तांदळाचं पीठ आणि मेडिकलमधून आणलेली टिंक्चरची बाटली.

“आये, लिंबाची युक्ती वेगळी असेल. टिंक्चरनं काही होणार नाही तिथे.”

“मंग ती पन शोधू. युक्ती तं असलंच.”

मोहन्याला वडाच्या पारावर पन्नाससाठ बायका जमल्या होत्या. चंद्रभागेनं कोणाचं नाव घेतलं नाही, भाषण केलं नाही. तिनं पारावर बसून चप्पल काढली, पाय सगळ्यांना दिसेल असा पुढे केला आणि जिथे दोन बोटं नव्हती तिथे हात ठेवला.

“मना बरा वाटला व्हता,” ती म्हणाली. “लय बरा वाटला व्हता. म्हून मी इचारला नाय. तुमी इचारा. महाराजाला इचारा, डाक्टरला इचारा, माजे पोरीला पन इचारा. काय देतंस, कोनाला देतंस, न माजी गोली बंद करावची का. ज्याला इचारलेला चालत नाय, त्याचे हातचा काय घेव नका.”